काझींच्या सुलतानाला वारस नेमण्याबाबत

मी, कमालुद्दीन मुहियुद्दीन सरखोत, वय बाहत्तर, मूळ गाव श्रीवर्धन, सध्या मुक्काम दुबई, अल कुसैस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कुणी दडपण आणलेलं नाही. डॉक्टरांनी माझा एक्स-रे पाहिला आणि उगाच चष्मा पुसत बसले, एवढंच कारण.

१. शरियतप्रमाणे माझ्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यावरच माझी मर्जी चालते. बाकीचं माझी मुलगी शहरबानू आणि धाकटा भाऊ यांच्यात नियमाने वाटलं जाईल. भाऊ आमच्या वाडीतले नारळ मला न विचारता परस्पर विकतो, ते त्याला लखलाभ.

२. अरबी शब्दकोश आणि टेबलावरचा दिवा उझैरला. हा आझमगडचा, अनुवादाच्या कचेरीत माझ्या खुर्चीवर आता तोच बसतो. खुर्चीचा एक पाय लंगडा आहे, सांभाळून बसावं.

३. आता मुख्य गोष्ट. आठशे वर्षांपूर्वी एका काझीने आपल्या सुलतानाचं चरित्र अरबीत लिहिलं. मोठा विद्वान माणूस. सुलतानाबरोबर छावणीत राहिला, शेवटच्या आजारात उशाशी बसला, आणि तो गेल्यावर लेखणी उचलली. राजाचे भाट पैशाला पासरी मिळतात. या माणसाची राजावर माया होती. ते चरित्र मी मराठीत आणलं. नोकरी सांभाळून अर्धं आयुष्य त्यात गेलं. सुलतानाच्या तापाचं प्रकरण लिहिताना मी खूप रडलो. त्याच आठवड्यात माझी बायको अजरा गेली होती, त्यामुळे रडलो नक्की कुणासाठी ते सांगता येत नाही.

४. हे बाड द्यावं कुणाला? पुण्याच्या एका प्रकाशकाने कळवलं, मराठी वाचकाला या सुलतानाशी काय घेणंदेणं? आमच्या जमातीतल्यांनी विचारलं, "उर्दूत का नाही केलंत?" दोघांनाही मी माफ केलेलं नाही, याची नोंद असावी. शहरबानू जुमेरा लेक टॉवर्समध्ये नोकरी करते. तिच्यापुढे पहिलं पान ठेवलं. "अब्बा, आय कान्ट इव्हन रीड द टायटल," म्हणाली आणि रडू लागली. तिच्या शाळेत मराठी नव्हतंच. माझ्या इमारतीत वसईचा जेरार्ड राहतो, तो मराठी छान वाचतो. म्हणाला, "काका, स्कॅन करून पेन ड्राइव्हवर टाकू, खलास!" मी विचारलं, "आणि पेन ड्राइव्ह कुणाला देऊ?"

५. मग मला युक्ती सुचली. अल्लाचं नाव असलेला कागद कचऱ्यात टाकायचा नसतो. मशिदीत त्यासाठी पेटी असते, तिथून तो अदबीने पुरला जातो. नाव नागरीत लिहिलं असलं तरी तोच नियम, असं इमामसाहेबांनी सांगितलं. म्हणून मी या कलमात लिहिलं होतं: नाव असलेली पानं जेरार्डने निवडून पेटीत द्यावीत, बाकीची रद्दीत घालावीत. निवडायचं म्हणजे पान न् पान वाचणं आलं. एक का होईना, वाचक मिळाला असता. जेरार्ड कबूलही झाला होता. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

काल उझैर साक्षीदाराची सही करायला आला. त्याने बाड हातात घेतलं आणि एक पान उलटलं. "चाचा, पीछे देखा है आपने?"

कागद मी नेहमी कचेरीतले रद्द झालेले वापरत आलो. मागच्या बाजूला कोर्टाचे अरबी निकाल. प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापील बिस्मिल्ला, म्हणजे अल्लाचं नाव आलंच. इतकी वर्षं हाताळून ती मला दिसेनाशी झाली होती. आम्ही दोघांनी सगळं बाड पालथं करून पाहिलं. एकही पान सुटलं नाही.

सबब निवडण्यासारखं काही उरलेलं नाही आणि हे कलम मी रद्द करतो. बाड सुतळीने बांधून, न सोडता, मशिदीच्या पेटीत द्यावं. जेरार्डला वाचण्याची तसदी देऊ नये.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून सही केली.

कमालुद्दीन मुहियुद्दीन सरखोत

आमच्यासमक्ष सही झाली:
उझैर अन्सारी
जेरार्ड डाबरे

स्थळ: अल कुसैस, दुबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४