चार ठिकाणी ठेवलेली चकली

आई, आज एक विचित्र उद्योग संपवून तुला लिहायला बसले आहे. महिन्यापूर्वी मी तुझ्या भाजणीच्या चकल्या केल्या आणि एकाच घाण्यातल्या चार ठिकाणी भरल्या: पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, काचेच्या बरणीत, आतून चंदेरी असलेल्या पाकिटात आणि पत्र्याच्या डब्यात. मग चारही डोंबिवलीच्या घरात, दुपारभर ऊन येतं त्या खिडकीत मांडून ठेवल्या. तुझी नात म्हणाली, "मम्मी, ऑफिसात दिवसभर पॅकिंगच करतेस, आता घरी पण लॅब?" पण चाखायला डोळे मिटून सगळ्यांत आधी तीच बसली.

काय गंमत बघ. बरणीचं झाकण घट्ट, म्हणून चकली कुरकुरीत, पण उजेडाने तेल बिघडलेलं. "ई, हिला कसला वास येतोय?" तुझ्या नातीने लगेच तोंड वाकडं केलं. पिशवीतली त्याहून वाईट, खवट तर होतीच, वर थोडी सादळलेलीही. पाकिटातली मात्र काल तळल्यासारखी. पण त्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचा थर असे चिकटवलेले असतात की ते वेगळे होत नाहीत, त्यामुळे आमचा भंगारवाला त्याला हातही लावत नाही. डब्यातली जवळपास तितकीच चांगली निघाली. पत्र्यातून उजेड जात नाही, हवा शिरली तर झाकणाच्या फटीतूनच, आणि तिथे तू लावायचीस तसा कागद मी दुमडून लावला होता. ऑफिसात हे सगळं रोज बोलते गं, पण तुझ्या चकलीवर कधी करून पाहिलं नव्हतं. इतकी मजा आली की तुला हाक मारावीशी वाटली आणि मग फार एकटं वाटलं.

नौपाड्यातलं ते दुकान तुला आठवत असेल. दुकानदारकाका तुझ्या डब्यातल्या चकल्या तोलून कागदात बांधून द्यायचे. मी पॅकेजिंगच्या नोकरीला नुकतीच लागले होते, शहाणपण उतू जात होतं. माल दिसला पाहिजे म्हणून मीच तुला पारदर्शक पिशव्या आणून दिल्या आणि काकांनी त्या दर्शनी भागात, उन्हात टांगल्या. महिन्याभराने काका दारात उभे आहेत, ओशाळलेले. "वहिनी, राग मानू नका, पण गिऱ्हाइकं परत आणून देतायत. वास येतोय." तू माझ्याकडे बघतेस. आणि मी म्हणते, "आई, तेल परत परत वापरलं असशील." तू कधीच वापरायची नाहीस. तरी म्हणालीस, "असेल बाई. आता हात राहिला नाही माझा." त्यानंतर तू दुकानाला चकली दिली नाहीस. घरी केलीस तरी ताटलीत वाढताना विचारायचीस, "वास नाही ना येत?" वर्षानुवर्षं विचारायचीस.

आज तुझ्या नातीला मी ऐटीत सांगितलं, आजीची काही चूक नव्हती, प्रयोगाने सिद्ध झालं. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तुला खरं सांगते. प्रयोगाची गरजच नव्हती. काका गेले त्याच संध्याकाळी, तू गॅलरीत वाळलेले कपडे काढत होतीस तेव्हा, तुझ्या डब्यात उरलेली त्याच घाण्यातली चकली मी खाल्ली होती. छान खुसखुशीत होती, वासाचं नावही नव्हतं. मी आणखी एक खाल्ली आणि तुला काही सांगितलं नाही.