तुमच्या वहीतलं एक नाव

प्रिय वन्सं,

सगळ्यांत आधी कोण आली, ते नावानिशी लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच. लोणच्याला मोहरी मागायला आली नि नेहमीसारखी उंबऱ्यात बसून राहिली. मागोमाग इस्पितळातली डॉक्टरीणबाई आणि एक नर्स. मुलुंडच्या उन्हातून चालत आलेल्या, आधी पन्हं दिलं.

कशाला आल्या असतील? तुमच्या सुईणपणाच्या वहीसाठी! आपली सून गेल्या महिन्यात तिथेच बाळंत झाली (मुलगा झाला हो, तुमचंच नाक), तिने वहीचं सांगितलं. स्वराज्याच्या आधी इथे किती मुलं जन्मली, किती दगावली, याची त्या मोठी नोंदवही करताहेत.

"आजी, असं लिहून ठेवलेलं कुणाकडेच नाही. द्याल का?"

माझी छाती अशी फुगली, वन्सं! तुम्हाला अक्षर येत नव्हतं. जगलेल्याला कुंकवाचा ठिपका, गेलेल्याला काजळाचा. आईचं नाव, वय नि कितवी खेप, तेवढं मी लिहायची, दुसरीपर्यंत शिकलेली.

बाई पानं उलटू लागली, तशी उंबऱ्यातली उठून उभी राहिली. तोंड पांढरंफटक. मग मला आठवलं. लग्नाआधीचं तिचं बाळंतपण. "हिचं नाव लिहू नकोस हं," तुम्ही बजावलं होतंत. मला नवीन अक्षरांची हौस, लिहून मोकळी झाले. तुम्ही देवाघरी गेलात तोवर तुम्हाला कळलंच नाही. एकदा तरी वाचून का घेतलं नाहीत माझ्याकडून?

मी वही ओढलीच. "मी वाचून सांगेन. तुम्ही बघायचं नाही."

नर्स म्हणाली, "आजी, आम्ही काय वही खातोय?"

बाई मात्र हसली नाही. "नावं नकोतच आम्हाला. आईचं वय, कितवी खेप, मूल जगलं का, एवढंच."

त्या गेल्यावर मी कात्री काढली, ते पानच कापायला. तिने माझा हात धरला.

"काकी, नाव झाका. काजळाचा ठिपका राहू दे. तो होता, हे कुणीतरी मोजू दे."

मोहरी न घेताच गेली.

तर वन्सं, शब्द देते. सगळ्या नावांवर खळीने कागद चिकटवते, तिच्यावर सगळ्यांत आधी. वही माझ्या मांडीवरून हलणार नाही, आणि ठिपका एकही सुटणार नाही.

बाई गुरुवारी येते म्हणालीय.

नाव लिहून चुकलेली,
तुमची भावजय