फोन दारात ठेवून

प्रिय चाळीस नंबर,

तिथे सगळ्यांना नंबरानेच हाक मारतात, तुझं नाव ठाऊक नाही, म्हणून हे पत्र खिशातच राहणार. मोबाइलने पोरांच्या मेंदूचं काय होतं ते बघायला आपल्याला तेराव्या वर्षापासून दरसाल बोलावतात. आत चुंबकाचं यंत्र, म्हणून फोन दारातच काढून घेतात. त्यामुळे तासभर आपण नुसते बोलत बसायचो. फोन नंबर टिपायला हातात काही नसायचं, आणि मी यंत्रातून बाहेर येईपर्यंत तू गेलेली असायचीस.

यंदा तू यायच्या आधीच तपासणीच्या मॅडमनी विचारलं, "कॉलेज का सोडलंस?" माझं डोकं फिरलं. संमतीपत्र फाडून निघून आलो.

आज माफी मागितली. मॅडम म्हणाल्या, "बाबा रे, सात वर्षं तुझ्या डोक्याचे फोटो काढतेय, ते नेमकं कुठे तापतं ते अजून सापडलं नाही. कर सही."

मग त्या गुणगुणत्या बोगद्यात डोळे मिटून पडलो. मिटल्या डोळ्यांपुढे तू बाकावर निळ्या मोज्यांतले पाय हलवत बसली होतीस. मी मात्र जराही हललो नाही. त्या फोटोत कुठेतरी तू असशील.

पुढच्या वर्षी लाकडी पेन्सिल आणतो. तिला चुंबक ओढत नाही.

तुझाच,
एक्केचाळीस