क्लाइव्हच्या रायफलीवरची नवी दुर्बीण

टॅलो क्रीक,
१७ ऑगस्ट, रविवार

प्रिय नेव्ह,

तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे. माझी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण घरात बोलणारं दुसरं आहे कोण, म्हणून त्याला कुरकुरू देते. थंडी कडाक्याची पडलीय, पाऊस नाही. मेंढ्या विताहेत, यंदा जुळी बरीच आहेत. चार वर्षांनी बहिणीचं पत्र येतं आणि त्यात हवापाणी लिहिलेलं असतं, म्हणून तू नाक मुरडशील. मुरड खुशाल. सुरुवात कुठून करायची ते मला सुचत नाहीये, म्हणून मेंढ्यांपासून करते.

रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. ओढ्याकाठच्या लव्हाळ्यातून वर येतात, कुंपणाखाली उकरतात आणि खालच्या कुरणात शिरून नुकती जन्मलेली कोकरं ओली असतानाच उचलतात. सकाळी जावं तर मेंढी एकटीच ओरडत उभी असते. ग्लेनिस एकदा कुंपणापलीकडून म्हणाली, "मॉरीन, तू मेंढ्या पाळतेस की डुकरं?" तिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतंच. तिच्या नवऱ्याने रायफलीवर लावायची एक दुर्बीण आणलीय, तिच्यातून उष्णता दिसते. अंधारात जे जे जिवंत आहे ते पांढरं, बाकी सगळं काळं. "तूही घे," ती म्हणाली. "नाहीतर कळप विकून टाक आणि माझ्यासारखी टीव्हीसमोर बसून जाडी हो."

मग गेले गुंडारीला. तिथल्या बंदुकांच्या दुकानातल्या दाढीवाल्याला म्हटलं, सगळ्यांत साधी दाखव, नवशिक्यांना देतोस ती. तो म्हणाला, "नातवाला द्यायचीय का, मावशी?"

म्हटलं, "नातू नाही मला. आणि माझे डोळे मी अजून कुणाकडे गहाण टाकलेले नाहीत."

बिचारा ओशाळला, मग फारच गोड बोलायला लागला. बॅटरी किती टिकते, बटणं कुठली, थंडीत काय काळजी घ्यायची. सगळं सांगून झाल्यावर खोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आणि मुख्य म्हणजे मावशी, यातून माणूस आणि डुक्कर यांच्यात घोळ होऊच शकत नाही. पूर्वी दिव्याच्या झोतात लोक शिकार करायचे, तेव्हा काय काय होऊन बसायचं."

मी "हो का" म्हटलं, खोकं घेतलं आणि गाडीत येऊन बसले. किल्ली फिरवायला हात उचलेना. त्या पोराचा काय दोष? तो या भागात नवा आहे, त्याला कोण सांगणार.

क्लाइव्हची रायफल मी तो गेला तेव्हापासून कपाटातून काढली नव्हती. परवान्यावर नवऱ्याच्या जागी माझं नाव चढवून घेतलं होतं तेवढंच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि त्याची जुनी दुर्बीण उतरवायला घेतली. तुला ठाऊक आहे तो स्क्रू कसे आवळायचा, जसं काही जगबुडी आली तरी निघायला नकोत. मी घामाघूम झाले. एक स्क्रू निघाला तेव्हा त्याच्या खाचेत थोडी वाळलेली माती होती. नळीवर बोट फिरवावं तर तेलाचा वास त्याच्या कोटासारखा. मी चहा केला, पूर्ण प्यायले, मग पुन्हा बसले. दुर्बीण धरणारी नवी कडी बसवली, ती सरळ आहे ना ते बुडबुड्याच्या पातळीनळीने पाहिलं, स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळले. हे तूच मला शिकवलं होतंस, आपल्या घरच्या गोठ्यात, मी अठरा वर्षांची असताना.

नेम जुळवायचा म्हटलं तर आणखी गंमत. कागदावर काळा गोल काढून उपयोग नाही, कारण या दुर्बिणीला कागद काय, गोल काय, सगळं सारखंच गार. तिला काहीतरी तापलेलं दाखवावं लागतं. म्हणून मी पुठ्ठ्यावर उकडलेला बटाटा खिळ्याने ठोकला आणि लांब उभा केला. पहिली गोळी हातभर डावीकडे. बटणं दाबून दुर्बिणीतली नेमाची फुली सरकवली. दुसरी खाली. तिसऱ्या गोळीला बटाट्याची चटणी झाली. मी एकटीच हसले, आणि वळून पाहिलं. क्लाइव्ह नसतो हे मला माहीत आहे, पण मान वळली ती वळलीच.

एक गोष्ट सांगू? कुणाला सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी सवय व्हावी म्हणून मी त्या दुर्बिणीतून घराकडेच पाहत होते. चूल पेटलेली म्हणून धुराडं पांढरं, भिंती काळ्या, आणि ओसरीवर क्लाइव्हची खुर्ची. खुर्ची रिकामी होती आणि तिची बैठक पांढरी होती. आत्ताच कुणीतरी उठून आत गेल्यासारखी. मग पायरीवर आपला कुत्रा टग आळस देताना दिसला. खुर्चीवर झोपून नुकताच उठला होता मेला. मला सगळं कळलं, मी काही खुळी झालेले नाही. पण ती जागा हळूहळू काळी होईपर्यंत मी डोळा काढला नाही. पूर्वी टगला मी खुर्चीवरून हाकलायचे. आता हाकलत नाही. संध्याकाळी तो उठला की मी पाहते.

इतकं लांबण लावलं ते कशासाठी, हे तू ओळखलं असशील. लहानपणी काही फोडलं की मी आधी कोंबड्यांच्या गोष्टी सांगायचे, असं आई म्हणायची.

मंगळवारी पहाटे, उजाडायच्या आधी, मी वरच्या बांधावर पालथी पडून होते. खाली मेंढ्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या. ओढ्याकडच्या कुंपणापाशी काहीतरी हललं. बुटकं, रुंद, पाठीला कुबड. डोकं खाली घालून उकरत होतं. आणि त्याच्यासमोर एक छोटासा पांढरा ठिपका वळवळत होता. माझं कोकरू. माझं डोकं तापलं, नेव्ह. याच हरामखोराने मला महिनाभर रडवलंय असं वाटलं. मी खटका सरकवला. फुली त्या कुबडावर टेकवली. श्वास सोडला. बोट चापावर होतं आणि मी ते दाबायला लागले होते.

तेवढ्यात दुर्बीण थांबली. स्वस्तातली आहे ना, स्वतःला ताळ्यावर आणायला ती मधूनच टक असा आवाज करते आणि क्षणभर चित्र गोठतं. दाढीवाला म्हणाला होता, महागड्या दुर्बिणींत हा त्रास नसतो. मी दात ओठ खात थांबले.

चित्र पुन्हा हललं तेव्हा डुक्कर दोन पायांवर उभं राहिलं होतं. त्याने कोकरू छातीशी धरलं होतं. ते त्याने कुंपणावरून अलगद अलीकडे सोडलं, लाकडी खांबावर हात टेकला, आणि तसाच उभा राहिला. घराच्या दिशेला तोंड करून. मग डावा खांदा पाडून चालत ओढ्याकडे गेला. असं चालणारा माणूस मला जन्मापासून ठाऊक आहे. झाडावरून पडून तो खांदा मोडला तेव्हा मीच त्याला घरी ओढत आणलं होतं.

मी आधी गोळी बाहेर काढून खिशात टाकली. हाक मारायची राहूनच गेली. पुन्हा डोळा लावला तर खांबावर तू हात टेकलास तिथे पांढरा डाग राहिला होता. बोटं दिसली नाहीत, एवढी काही ही दुर्बीण चांगली नाही. नुसता डाग. तो विझेपर्यंत मी पाहिला.

उजाडल्यावर खाली गेले. उकरलेलं भगदाड दगडांनी बुजवलेलं, तार तुझ्या गाठीने बांधलेली. आणि मग कुंपणभर तुझ्या गाठी दिसायला लागल्या, काही गंजलेल्यासुद्धा. कुंपण तोच सांधतो असं समजून आजवर मी ग्लेनिसच्या नवऱ्याला दुवा देत होते. त्यानेही खुशाल ऐकून घेतलं, लबाड आहे तो.

आता ते लिहिते, ज्याच्या भोवती मी इतका वेळ घिरट्या घालतेय. क्लाइव्हच्या अंत्यविधीनंतर हॉलमध्ये, सगळं गाव सँडविच हातात धरून उभं असताना, तू माझ्याजवळ आलास. म्हणालास, "मॉरीन, दिव्याच्या झोतात मला नुसती पाठ दिसली. कुत्र्याला सोडवायला तो लव्हाळ्यात वाकला होता गं." आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वाकला म्हणून काय माणसाचं डुक्कर होतं?"

तू टोपी उचललीस आणि गेलास. कोर्टाने तुला सोडलं, गावाने हळूहळू सोडलं. मी नाही सोडलं. रोज सकाळी चहाबरोबर मी ते वाक्य स्वतःशी म्हणत आले आणि त्याच्या जोरावर उठत आले. त्याच्याशिवाय उठायचं कसं, हे मला माहीत नव्हतं.

होतं, नेव्ह. वाकला की माणसाचं डुक्कर होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुझ्याकडे जुना दिवा होता, माझ्याकडे घोळ होऊच न शकणारी दुर्बीण होती, आणि तरी तू आज जिवंत आहेस तो केवळ एका स्वस्तातल्या टकमुळे. क्लाइव्हच्या वेळी टक झालं नाही. तुझ्यात आणि माझ्यात एवढाच फरक आहे, त्याहून केसभरही जास्त नाही.

क्लाइव्ह गेल्याचा राग विझलाय असं मी म्हणणार नाही. तो नाही हे दुःखही तेवढंच आहे. फक्त ते आता तुझ्या नावावर टाकता येत नाही, आणि एकटीला ते उचलत नाही.

कुंपणाशी येऊ नकोस. पहाटे तर मुळीच येऊ नकोस, तुला माझ्या गळ्याची शपथ. भर दुपारी ये, मोठ्या फाटकातून, जेवायला. मटण आहे, बटाटे आहेत. फाटकापासून दारापर्यंत हाका मारत ये, माझं नाव घेऊन, मोठ्याने. मी ओसरीवर असले आणि तू मला दिसत असलास तरी हाक मार. आता नुसतं बघून माझा विश्वास बसत नाही.

तुझ्या हाकेकडे कान लावून बसलेली,
तुझी बहीण
मॉरीन