एप्रिल-मे: काही नाही

प्रताप नगर, नागपूर
२८ एप्रिल १९७५

प्रिय उत्तराताई,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. एप्रिल-मेच्या उन्हात आपल्या अंगणात काही फुलू शकत नाही, असं मी लिहिलं होतं. फुलतं. मोगरा फुलतो, कण्हेर फुलते, बोगनवेल तर उन्हातच पेटते. यातलं एकही झाड मी मुद्दामच लावलं नव्हतं.

शाळेत घालण्याआधी बापूजींनी आपल्याला घरीच शिकवलं. माझी बाराखडी झाडांच्या पाट्यांवर झाली. पुढे कोणत्या महिन्यात काय फुलतं ते लिहायची बागेची वही माझ्याकडे आली. एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकेल असंच झाड निवडायचं आणि अंगणात सदा रंग ठेवायचा. पावसाळ्यात तगर न् सोनटक्का, आश्विनात पारिजात, थंडीत शेवंती आणि कोरांटी, होळीपर्यंत गुलाब. "फूल नसेल तर नाही लिही, गोपे. वहीत खोटं नको," ते बजावत.

मला एकोणिसावं लागलं आणि बाग पाहुण्यांसाठी झाली. "केव्हाही येऊ देत, दारात फुलं हवीत," आई म्हणायची. सहा स्थळं आली. मौद्याच्या मुलाच्या आईंनी मला चालवून पाहिलं आणि थेट कोरांटीकडे वळल्या. "पोरगी सावळीच आहे वं, पण फुलं मोठी झकास! मले एक फांदी तोडून दे न." मी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. नकाराच्या कार्डातच फांदी जगल्याचं कळवलं होतं. सहाही घरांत माझी झाडं नांदताहेत.

म्हणून दोन महिने रिकामे ठेवले. वहीत 'काही नाही' लिहिलं की कोणाला बोलावत नसत. तेवढे दिवस मी नीट जेवायची.

मागच्या पत्राचं उत्तर म्हणून तू सावनेरहून बोगनवेलीची कुंडी धाडलीस, सोबत तुझ्या दिराचं स्थळ. वेल दारात फुलली तेव्हा मला राहवलं नाही, बापूजींना खरं सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे मे चालतो तर," आणि तुझ्या सासरी तारीख कळवली. रविवार, ११ मे.

ताई, दिराची पहिली बायको शामला माहेरी का गेली, ते बापूजींना ठाऊक नाही. तिच्या दंडावरचे वळ तूच मला दाखवले होतेस आणि घरात बोलायचं नाही म्हणून शपथ घातली होतीस. तुला त्या घरात आपलं माणूस हवं आहे, हे कळतं मला. पण त्यासाठी मीच का?

शपथ मोडायची तर तुला आधी कळवायला हवं, म्हणून हे पत्र. तू स्वतः येऊन बापूजींना सांगितलंस तर बरं. नाही आलीस तर मी सांगणार आहे, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, १० मेला सकाळी.

तुझीच,
गोपिका