मुशीचं पोट

१६ जून १९७२
आले बाई नागपूरला! मी मालवणची, आणि कॉलेजच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात पहिली गाठ पडली ती मुशीशीच. इथे तिला शार्क म्हणतात. फॉर्मॅलिनच्या काचटाकीत, माझ्याहून लांब, पोट टम्म. माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. पोट एवढं कसं, असं शिपाई चंपतरावांना विचारलं, तर म्हणाले, "जेवून राहिली नं, बाई." म्हणजे पोटभर जेवून मेली. भाग्यवान! माझ्या जागी आधी श्रीधर सर होते. गेल्या आठवड्यात न सांगताच खापरखेड्याला नोकरीवर गेले म्हणे.

१९ जून
मुलांना शिकवलं. मुशी चावत बसत नाही, गिळते. गिळलेलं कधी कधी दिवसेंदिवस तसंच पोटात राहतं, मग आम्लात हाडंसुद्धा विरघळतात. जे पचत नाही ते ती ओकून टाकते. पहिल्या बाकावरची मुलं मागे सरकली. मजा आली.

२३ जून
टाकीच्या तळाशी चष्मा! काल नव्हता. चंपतरावांनी घाईघाईने काढून खिशात घातला. दुपारी श्रीधर सरांची बायको प्रमोदिनीबाई आल्या. सर खापरखेड्याला पोचलेच नाहीत. चष्म्याचं सांगितलं तर म्हणाल्या, ह्यांचाच तो. सरांना शोधून देईन, असा शब्द दिलाय. चंपतराव काहीतरी लपवतोय मेला.

२४ जून
घरमालकीण यमुताईंच्या धाकटीला हाक मारली. यमुताई म्हणाल्या, "थांब वं, ते जेवून राहिली." जेवण झालं असेल म्हणून आत गेले, तर पोरीचा हात ताटात, तोंडात घास.
अगं आई गं. इथे 'जेवून राहिली' म्हणजे जेवते आहे. अजून.

२६ जून
चंपतरावांना गाठलं. ढसाढसा रडले. सर टाकीत वाकले होते, आणि— कोण खरं मानणार, म्हणाले.
पण दिवसेंदिवस तसंच राहतं. मीच शिकवलं ना? म्हणजे सर कदाचित—

२७ जून, दुपार
टाकी उपसली. पोट चिरलं. हात घातला. बोटं लागली— ऊन आहेत! धरलं त्यांनी मला. जिवंत आहेत!

डाव्या हाताने लिहितेय. ओढते, सर येत नाहीत. उलट मीच—

या बोटांत हाडं नाहीत. तरी एवढी घट्ट—

चंपतराव पळाला. दारात प्रमोदिनीबाई. "अहो" म्हणून हाक मारली त्यांनी, आणि बोटांनी मला सोडलं. एकदम. आता त्या बाह्या सारून— बाई, नका! ते सर नाहीत, ते नुसतं मुशीचं आमिष—