अर्धी गोळी

प्रिय पाणकोंबडे,

हे पत्र तुझ्या हातात पडण्याआधी त्या देखरेखीच्या बाई वाचतील. आपण भेटतो तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून काहीतरी टिपत असतात ना, त्याच. वाचू देत. पाकीट मी मुद्दामच चिकटवलेलं नाही. कोर्टाचं मिटेपर्यंत तुला मावशीकडे ठेवलंय, तिचा फोन आला होता. तू ताटातलं निम्मं तसंच टाकून उठतेस, अशी तिची तक्रार आहे. तिला म्हटलं, माझ्या हातचं खाऊन वाढलेली पोर ती, तुझ्या हातचं एवढ्यात गोड लागलं असतं तर मलाच वाईट वाटलं असतं. ती हसली, मीही हसले. फोन ठेवल्यावर घर खायला उठलं, म्हणून न्हाणीघरातल्या नळावर लटकणारा तुझा पोहण्याचा चष्मा काढला, स्वच्छ धुतला आणि परत नळावरच अडकवून ठेवला.

तुझे बाबा घर सोडून गेल्यापासून आपण दोघींनी सगळं अर्धं अर्धं केलं. सफरचंद, बिस्किटं, थंडीतली ती जाड रजई, इतकंच काय, सर्दीसुद्धा. एकीने कापायचं आणि दुसरीने आधी उचलायचं, म्हणजे भांडणाला जागाच नको. आणि मला त्याचा तोरा किती! एकटीने मूल कसं वाढवायचं ते या माझ्याकडे शिकायला, अशा थाटात मी चाळीस लोकांना बसमधून फिरवायचे. गर्वाचं घर खाली, दुसरं काय.

माझी पाठ तुला ठाऊकच आहे. बसच्या त्या सीटवर मणका पार खिळखिळा झालाय. डॉक्टरांनी गोळ्या लिहून देताना बजावलं होतं, गाडी चालवायची नसेल त्याच दिवशी घ्या आणि दुसऱ्या कुणालाही देऊ नका. मी शहाण्या मुलीसारखं हो म्हणून आले. मग निवड चाचणीची ती सकाळ उजाडली. तू स्वयंपाकघरात खांदा धरून बसली होतीस, केस विंचरायलाही हात वर जाईना. वर्षभर तू या एका दिवसासाठी पाण्यात हाडं भिजवली होतीस. मला बघवेना. मी भाजीच्या सुरीने गोळी कापायला घेतली, तर ती दगडासारखी टणक, अर्धा तुकडा उडून शेगडीखाली गेला आणि आपण दोघी खिदळलो. तू विचारलंस, आई, चालेल ना नक्की? मी म्हणाले, मी अख्खी घेते तर मला काय होतंय, ही तर अर्धीच आहे. नंतर डॉक्टरांनी समजावलं की ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. कापली की सगळं औषध एकदम अंगात उतरतं. जपून म्हणून मी जे केलं, त्यानेच घात केला.

आता तुला माहीत नाही ते सांगते. मी ड्यूटी बदलून घेऊन वर गॅलरीत बसले होते. तू पलीकडच्या टोकाला वळलीस, पाण्याखाली गेलीस आणि वर येईनास. मला वाटलं, काय दम आहे माझ्या पोरीचा! मी टाळ्या वाजवायला लागले. शेजारच्या बाईला कोपराने ढोसून सांगितलं, ती बघा, ती माझी. तुझ्या सरांनी बुटांसकट उडी मारली तेव्हाही माझे हात वाजतच होते. तुला काठावर आडवं घातलेलं मला आठवतं, पण त्याच्या आधी त्या टाळ्या ऐकू येतात. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लाज वाटते गं, फार लाज वाटते.

रक्तात औषध सापडलं, तसं दवाखान्याने पोलिसांना कळवलं. त्यांना कळवावंच लागतं. नळ्यांनी तुझा घसा सोलून निघाला होता, तरी तू त्या पोलीस बाईंना सांगितलंस की गोळी मीच घेतली, आईच्या पर्समधून, तिला पत्ताच नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, असंच झालं का हो? मी मान हलवली. बस, एवढंच. तू तेव्हा भिंतीकडे तोंड केलं होतंस. मला सोपं जावं म्हणून केलं होतंस, ते मला तिथेच कळलं होतं.

मी घाबरले होते. आपलं औषध आपल्या लेकराला देणं, मग ते अर्धं असो की चिमूटभर आणि कितीही मायेने दिलेलं असो, कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा होऊ शकते, बस चालवायचा परवाना जाऊ शकतो, आणि तुझा ताबा बाबांकडे, त्या लांबच्या शहरात, जिथे तू सुट्टीतसुद्धा चार दिवस टिकत नाहीस. वकील म्हणाले, पोरीने आपणहून अंगावर घेतलंय ना, मग झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही मूठ झाकली. आणि आता मुलांच्या कोर्टात चोरी तुझ्या नावावर आहे, संघातून तुझं नाव खोडलंय, आणि पुढे जिथे जाशील तिथे हे तुझ्या आधी पोचणार आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालंय, फक्त इथे चोर संन्याशाची आईच आहे.

डेपोत सगळे माझी कीव करतात. हल्लीची पोरं बाई, पर्सला कुलूप लावून ठेव, असं म्हणत मला चहा आणून देतात, आणि मी तो पिते. गेल्या आठवड्यात तुझे सर माझ्या बसमध्ये चढले आणि नेमके माझ्या मागच्या सीटवर बसले. उतरताना म्हणाले, खोकल्याची गोळीसुद्धा मला विचारल्याशिवाय तोंडात टाकत नव्हती हो ती. आरशात आमची नजरानजर झाली. त्यांना कळलंय. मी दार बंद केलं आणि पुढचा थांबा न घेताच गाडी काढली, मागून लोक ओरडत राहिले.

तरीही मी गप्पच राहिले असते, खोटं कशाला बोलू? पण परवाच्या भेटीत त्या बाईंनी आपल्या दोघींत एक बिस्कीट दिलं. ते तू मोडलंस आणि मोठा तुकडा, काही न बोलता, माझ्यापुढे सरकवलास. तो मी रुमालात बांधून घरी आणला.

म्हणून हे पत्र. सोमवारी कोर्टात मी सांगणार आहे की गोळी मी कापली, मी दिली आणि तुझ्या खोट्याला मान मीच हलवली. वकिलांना सांगून झालंय, ते चिडलेत. पाकीट उघडं ठेवलंय ते एवढ्यासाठी, की ऐनवेळी मी कच खाल्ली तर माघार घ्यायला वाट नको. त्या बाईंनी हे वाचलं म्हणजे झालंच की सांगून. मग काही दिवस तुला बाबांकडे राहावं लागेल. किती दिवस, ते मला माहीत नाही. तिथे तलाव आहे, मी चौकशी केलीय. माझी एकच विनंती आहे, राणी. मी बोलत असताना मध्ये उठून मला वाचवू नकोस. आजवर सगळं अर्धं अर्धं केलं, यातलं तुला काहीही मिळणार नाही. तुला विचारतील तेव्हा भिंतीकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ आणि सरळ सांग, आईने दिली.

तुझीच,
आई